सध्या राहणारे

दाराच्या फटीतून पहिलं पत्र पडलं तेव्हा
माझे पडदेसुद्धा लागले नव्हते.
एल्स्पेथ रँकिन, तिसरा मजला, डावीकडचं दार, डंडी.
पत्त्यात एक अक्षर चुकीचं नाही.
चुकीची होते ती मी,
पायमोज्यांत, हातात स्क्रूड्रायव्हर.

त्यावर लिहिलं : इथे राहत नाहीत.
कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं,
हात झटकले.

पत्रं कसली ऐकतात.
दर जानेवारीत बियाण्यांचा जाडजूड कॅटलॉग :
बाहेर टे नदीवर धुकं
आणि आत पानोपानी टपोऱ्या शेंगा.
चष्म्याच्या दुकानाचं आर्जव :
दोन वर्षं झाली, नजर तपासून घ्या.
आणि तिच्याही आधीचा की नंतरचा कोण जाणे,
एक टोमाश व्रूबेल,
त्याच्या जिमची थकबाकी :
अठरा पौंड, मग छत्तीस,
मग लाल अक्षरांत एकशे दहा.
कधी न पाहिलेल्या माणसाच्या आळसाचा
इतका बारीक हिशोब माझ्याकडे होता.

फर्गस टपालवाला म्हणाला,
"मी पत्त्याला पत्र देतो, बाई.
माणसाला द्यायचं तर माणसानं
एका जागी बसायला हवं."
आणि शीळ घालत जिना उतरून गेला.

बेकरीत मी पहाटे तीनला भट्टीपुढे असते.
अकराला परतते तेव्हा पायपुसण्यावर
ही मंडळी ताटकळलेली.
माझी स्वतःची पत्रं येत नाहीत.
विजेचं बिल फोनवर, बँक फोनवर,
बहीण फोनवर, तीही नुसता अंगठा दाखवून.
टपालानं मला येतं ते एवढंच :
'सध्या राहणारे यांस,
आपल्या खिडक्या बदलून देऊ.'
नाव नाही.
पण खोटंही नाही त्यात काही.

आणि नऊ मार्चला एक कार्ड.
निळी शाई, उजवीकडे कललेलं अक्षर,
पाठवणाऱ्याचा थांगपत्ता नाही.
पहिल्या वर्षी परत पाठवलं
(कुठे परत, ते टपालखात्यालाच माहीत).
दुसऱ्या वर्षी आरशामागे खोचलं.
तिसऱ्या वर्षी किटलीच्या वाफेवर धरलं,
आणि हो, लाज वाटली, तरी धरलं.

"एल्सी, तू उत्तर लिहीत नाहीस
हे चाळीस वर्षं बघतोय, तेव्हा लिहूच नकोस.
बोट विकली. गुडघे तसेच.
डी."

खालच्या मजल्यावर मिस्टर पेट्री राहतात.
त्यांना विचारलं. त्यांनी आधी चहा ओतला.
"एल्स्पेथ? अहो, ती गेली की.
तुम्ही यायच्या आधीचा हिवाळा."
मग जिन्यातल्या खिडकीकडे बोट केलं :
एक रिकामी कुंडी, तीत तीन काठ्या
आणि सुतळी, अजून बांधलेली.
"स्वीट पी लावायची. मला नाही जमत."

वर आले. कार्ड पुन्हा वाचलं.
मेलेल्याचं उत्तर न येणं
आणि आळशाचं उत्तर न येणं
दिसायला सारखंच.
कळवायचं म्हटलं तर कुणाला?
डी. एवढंच नाव. समुद्र एवढाच पत्ता.
आणि पत्ता असता तरी
कळवलं असतं का, सांगता येत नाही.
भिजत घोंगडं ते, तसंच राहिलं.

या जानेवारीत कॅटलॉग आला.
मागचा फॉर्म फाडला, खूण केली,
चार पौंडांची पोस्टल ऑर्डर जोडली.
नावाच्या रकान्यात ते आधीच छापलेलं होतं,
मी खोडलं नाही.

पंधरा दिवसांनी बेल वाजली.
पाकीट जाड, फटीतून जाईना.
फर्गसनं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
भुवई थोडी वर.
"रँकिन?"

माझ्या कोपरापर्यंत पीठ होतं.
"हो," म्हटलं. "द्या."

पाकिटावर बारीक अक्षरात :
पेरण्याआधी रात्रभर भिजवा.
कप घेतला, पाणी घातलं,
गजर लावला, अडीचचा.