एकसष्ट नंबर

वॉर्ड ऑफिसातून निरोप आलाय,
चौकाला तिम्मण्णा विटकरांचं नाव देतायत,
फोटो द्या. पासपोर्ट साइज, चेहरा स्पष्ट.

आमच्याकडे नाही.

आहे तो बारा पौंडी घण, दांडा तीनदा बदललेला,
एक पितळी शिट्टी
आणि काथ्याची दोरी, दर पाच हातांवर गाठ.
या दोरीनं त्यानं सुरुंगवाडी मोजली.

चौसष्ट साली पुण्यात आला, दोन गाढवं आणि आईला घेऊन.
हा क्रम आईचा. ती अजून तसाच सांगते.
हडपसरच्या अलीकडे, कालव्याच्या वर,
खाणीतून उडालेले दगड जिथं येऊन पडत
ती जागा कुणालाच नको होती.
म्हणाला, नको असलेलीच आपली होते.
आई म्हणाली, पहिला दगड कुणाच्या डोक्यात?

मग येत गेले. मंगळवेढ्याकडचे, विजापूरकडचे,
कसब्यातून भावाशी भांडून आलेला एक तांबट,
एक बाई, एकटी, नाव न सांगणारी.
तिलाही पंधरा हात.
जात विचारली नाही असं नाही,
विचारली,
आणि दोरी तेवढीच टाकली.

बाराला शिट्टी.
पोरं, शेरडं, म्हातारी सगळी कालव्यावर.
सुरुंग उडायचा. धूळ बसली की दुसरी शिट्टी, मग भाकरी.
मी त्या दोन शिट्ट्यांच्या मधे जन्मले, काठावरच.
तो तिकडे माणसं मोजत होता.
एक जास्त भरलं म्हणून पुन्हा मोजली.

सगळ्यांना देऊन उरला तो तिरका तुकडा आमचा,
मधोमध कमरेएवढा खडक.
तो फोडायला वडाराला वेळ मिळाला नाही.
आई त्यावर मिरच्या वाळवायची.
नळ आला, तेव्हा रांगेत आई शेवटी,
पुढाऱ्याची बायको म्हणून.
तिच्या हंड्यात तोटी नुसती सूं करायची.

नागेशची दोन बोटं वातीनं नेली
तेव्हा तो शाळेच्या अर्जावर शिक्का मारून घेत होता.
मी त्या शाळेत शिकले.
नागेश त्या रस्त्यानं जात नाही.

शहात्तर साली गणनेचे साहेब आले, फोटोपास करायला.
ज्याच्या त्याच्या दारासमोर ज्याचं त्याचं कुटुंब,
हातात पाटी, पाटीवर खडूनं इंग्रजी आकडा.
हा घरोघर पळत होता,
पदर सारखे करा, पोराचं नाक पुसा, पाटी मी धरतो.
आमची पाळी आली तेव्हा तो खालच्या आळीत.
ती बाई नाव सांगेना, साहेब लिहीना,
हा तिला एकेक नाव सुचवत होता.
फोटोवाला थांबला नाही.
आईनं पाटी धरली. उलटी.
61 चे 19 झाले.

वस्तीत दोन एकोणीस.
तीस वर्षांनी इमारत ठरली,
पात्र लोकांच्या यादीत एकसष्ट नंबर निघालाच नाही.
ज्यानं नंबर घातले तोच बाद.
ऐकून तो हसला. मला वाटतं हसला,
अर्धांगानं चेहरा तेव्हा एकाच बाजूला हलायचा.

परवा मी दारोदार जुने पास मागितले.
सापडला तो.
गुंजाळांच्या फोटोत कोपर.
तांबटाच्या दारात अर्धं धोतर, एक पाय अनवाणी.
पाटी धरलेली बोटं तर कितीतरी ठिकाणी,
नखं दगडाच्या भुकटीनं पांढरी.
आणि त्या बाईच्या पासावर, नाव : गोदा,
खांद्यापर्यंत अख्खा हात.

सगळे जोडले तरी चेहरा होत नाही.

आईपुढे मांडले. चष्मा लावून
तिनं नुसतं आमचंच पाहिलं, एकोणीसवालं.
म्हणाली, फोटो राहू दे.
बोर्ड सरळ लावतायत का,
तेवढं उभं राहून बघून ये.