फाटकासमोर गाडी लावू नये

ही पाटी मीच रंगवली.
जागा संपली म्हणून 'नये' खालच्या ओळीत गेला,
बारीक, एकटा.
लांबून वाचलं तर
'फाटकासमोर गाडी लावू' एवढंच दिसतं,
आणि लोक लांबूनच वाचतात.

उद्यान वाढवा म्हणून महापालिकेला अर्ज गेला
त्यावर तिसरी सही माझी आहे.
तेव्हा बाग म्हणजे एक घसरगुंडी, दोन कडुनिंब,
बाकावर सातपूरच्या रात्रपाळीचा कोणीतरी झोपलेला.
दुपारी गल्लीच्या मधोमध मांजर आडवं पडायचं,
दूधवाला त्याला वळसा घालून जायचा.

आता मागच्या द्राक्षमळ्यासकट सगळं आत घेतलंय.
चालायचा ट्रॅक, कारंजं, मुलांची आगगाडी,
फोटोसाठी पत्र्याचे दोन पंख.
रविवारी पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंतचं नाशिक
आमच्या गल्लीत येऊन तिरकं उभं राहतं,
एक चाक फुटपाथवर, एक गटाराच्या झाकणावर.

आणि आमच्या बाजूचं छोटं गेट बंद.
सुरक्षेसाठी, म्हणे.
ज्यांच्या मोरीची भिंत बागेला लागून
त्यांनी पाऊण किलोमीटर फिरून जायचं.
गायधनी वहिनींचे गुडघे तेवढ्यातच संपतात,
बागेत चालायला उरत नाहीत.
एका पहाटे कुंपणाच्या भिंतीतल्या विटा निघाल्या.
महापालिकेनं बुजवल्या. पुन्हा निघाल्या, जास्त.
कोणी काढल्या ते मी सांगणार नाही.
छिन्नी माझी होती.

मग मी डिस्टेंपरचा रिकामा डबा घेतला,
सिमेंट कालवलं, मधे पाइप उभा केला,
आणि नेऊन ठेवला फाटकासमोर.
रस्ता माझा नाही हे मला कळतं.
डब्याला कळत नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी
डबा बाजूला सरकवलेला, आणि त्या जागी पांढरी पिकअप.
मी पाऊण तास ओट्यावर बसून
वाक्यांना धार लावली.
आला तो सत्तरीचा माणूस, हातात चप्पल.
'तुमचं फाटक होय हे?' म्हणाला.
'माझंबी इथंच होतं.
मोटार इथं. हौद तिथं, तुमची टाकी हाये ना, तिथं.
ट्रॅक्टर मी इथंच लावायचो.'
सुकदेव थेटे. मळ्याचे थेटे.
माझ्या सातबाऱ्यावर हे नाव
मी एकदाच वाचलं होतं, सही करताना, घाईत.

'आत जायला वाट कुठनं?'
मी पाऊण किलोमीटरचा हात केला.
मग त्यांच्या पायांकडे पाहिलं
आणि त्यांना घराच्या बाजूनं विटांच्या भोकाकडे नेलं.
ते वाकून गेले. मागोमाग मीही,
पहिल्यांदाच, दिवसाउजेडी.

ट्रॅकवर लोक चालत होते पावलं मोजत,
थेटे ओळी मोजत होते.
'ही सोळावी. हितं माल गोड यायचा.'
आगगाडीच्या कुंपणाला हात लावला,
गंजावरून बोट फिरवलं.
'अँगल माझेच हायेत. भंगारात दिलेले.'
आणि हसले, मोठ्यानं,
आगगाडीतली पोरं वळून बघायला लागली.
भाव किती मिळाला, मी विचारलं नाही.
त्यांनीही माझं घर केवढ्याला, विचारलं नाही.

जाताना पिकअपमधून दोन किलोची पेटी काढली,
फाटकावरून माझ्या हातात दिली.
'पार्किंगचे,' म्हणाले.
कुठल्या मळ्यातली, विचारायचं राहिलं.
जरा आंबट होती.

सोमवारी डबा परत ठेवला,
पण एक हात डावीकडे,
पिकअप बसेल एवढी जागा सोडून.
त्या जागेत आता दर रविवारी तीन स्कूटर लागतात,
थेट्यांची गाडी अजून आली नाही.
स्कूटरवाल्यांशी मी भांडतो,
पण आधीसारखं पाठ केलेलं नाही.
मधेच अडतो.