खड्डे खणणाऱ्याची बाजू

खड्डे खणणं माझं काम,
स्थळं जुळवणं माइमूचं.
फेब्रुवारीत, बर्फ खिडकीच्या कमरेपर्यंत असतो तेव्हा,
ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडते
आणि झाडांच्या पत्रिका मांडते.

पिओनीला दोन बोटांपेक्षा खोल पुरायचं नाही, रुसते ती,
तीन-तीन वर्षं कळी धरत नाही.
तिचे उघडे पाय झाकायला जिरेनियम, निळं.
होस्टाला सावली, आयरिसला पाठ शेकायला ऊन.
या दोघांचा एकही गुण जुळत नाही,
शेजारी नांदवू नकोस, युलो.
मी मान हलवतो. फावडं धुतो.

विल्यांदीच्या शनिवारच्या बाजारात
ती रोपं उलटी करून मुळं बघते, घराणं पाहावं तशी.
तीन दिवसांचे रंग तिला चालत नाहीत.
मातीखाली जाऊन, उणे पंचवीस सोसून
जो पुन्हा वर येईल त्यालाच आमच्याकडे घर.

एकदाच मी स्थळ आणलं.
सार्नाकुला स्टेशन बंद झालं त्या सप्टेंबरात
(सिग्नलचा दांडा मी तिथे सत्तावीस वर्षं ओढला)
फलाटाच्या कडेची नारिंगी डे-लिली,
गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरियरवर.
माइमूने वाकून पाहिलं.
"नारिंगी," म्हणाली,
मुलीकडच्यांनी विचारावं तसं: "पितो का?"

कंपोस्टच्या ढिगामागे जागा मिळाली तिला.
अकरा वर्षं.
कुणी पाणी घातलं नाही, कुणी वहीत लिहिलं नाही.
जुलै आला की फुलायची,
फूल एकाच दिवसाचं, पण रोज नवं,
गाडीसारखं. गेली ती गेली, उद्याची उद्या.
मी कचरा टाकायला जरा जास्तच वेळा जायचो.

मग तो बिनबर्फाचा हिवाळा आला.
पांघरूण नाही आणि थंडी हाडापर्यंत.
एप्रिलमध्ये डेल्फिनियम उगवलेच नाहीत, सातच्या सात.
माइमू बोटाने माती उकरत राहिली,
मुळं हाताला चिखलासारखी लागली.
एन्डेल कुंपणावरून म्हणाला, माझेही गेले.
ती काही बोलली नाही.
वहीसुद्धा उघडली नाही.

मेअखेरीस एका संध्याकाळी, दहा वाजले तरी उजेड,
तिने कॅटमिंटच्या शेजारी काठी रोवली.
"इथे खण."
कशासाठी, मी विचारलं.
तिने हनुवटीने ढिगाकडे दाखवलं.
"किती खोल?"
"ते तुला माहीत."

आता जुलै आहे. निळ्या-जांभळ्या गर्दीत ते नारिंगी
खरं सांगायचं तर जरा भडकच दिसतं.
मी तसं म्हणालोही.
माइमू आइस्क्रीमच्या काडीवर पेन्सिलीने नाव लिहीत होती,
झाडाचं नाही, स्टेशनचं.
"गप," म्हणाली, "अक्षर चुकेल."