आत, बाहेर

टेबलावर मी असते. स्टॉपवॉच माझ्याकडं,
तक्ता माझ्याकडं, आणि एक निळं पेन
ज्याचं टोपण पहिल्याच सामन्यात हरवलं.
चौदा वर्षांखालच्या मुली. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर.
मैदान मुरमाचं, नांदेडच्या मार्चमधलं:
सकाळी टँकर फिरतो, नवाच्या आत पुन्हा धूळ,
आणि फक्कीची रेघ कुठं होती
यावर दोन सरांचं भांडण.

तक्त्यात दोन रकाने. आत. बाहेर.
कुणी उतरलं की मिनिट लिहायचं,
परतलं की मिनिट लिहायचं.
सात नंबरची ओवी कधी परततच नाही.
तिची आई संघाचे टी-शर्ट शिवून देते.
पोरगी खेळतेही छान,
म्हणून कुणाला काही म्हणता येत नाही.

बारा नंबर, उन्मेषा हटकर, दुसरी गोलकीपर.
लिंबगावहून काळीपिवळीनं येते,
मामानं ट्रॅक्टरच्या सीटचा फोम कापून केलेले पॅड
आल्या आल्या बांधते, आणि कट्ट्यावर बसते.
पाच सामने बसली.
पॅड बांधून बसणं म्हणजे काय ते बसल्याशिवाय कळत नाही:
पाय मुडपत नाहीत, घाम आतल्या आत फिरतो,
पाण्याच्या बाटल्या वाटायलाही
बदकासारखं चालावं लागतं.

मी एकदा रणजोध सरांना विचारलं.
"गोलकीपर बदलत नसतात, मॅडम," ते म्हणाले.
वाईट माणूस नाही. रिक्षाचं भाडंसुद्धा खिशातून देतो.
माझं काम लिहिण्याचं. मी गप्प बसले.
तिच्या रकान्यात पाच आडव्या रेघा,
माझ्याच हातच्या.

सहावा सामना. सहा-शून्य.
शेवटच्या क्वार्टरला महेक गोलमधून ओरडली,
"सर, पट्टा तुटला!"
टेबल गोलच्या बाजूलाच असतं.
पट्टा धड होता.
खाली वाकून बक्कल सोडताना
तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं.
मी घड्याळाकडं पाहिलं.

बारा नंबर, आत, छत्तीस.

चेंडू काही तिच्याकडं आला नाही.
ती डीमध्ये डावीउजवीकडं सरकत राहिली,
खांबाला स्टिकनं दोनदा वाजवलं,
आणि मग ओरडली, "ओवी, मागं ये! मागं कोण हाय?"
तिला आवाज आहे हे मैदानाला ठाऊक नव्हतं.
ओवी मुकाट्यानं मागं आली.

शिट्टीनंतर टेबलाशी आली, घामानं निथळत.
"मॅडम, किती लिवलं?"
चार मिनिटं.
"जास्त असतीन बगा."
मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं अकरा सेकंद.
सेकंद लिहायची पद्धत नाही.
रकाना अरुंद, अकरा जरा बाहेर गेले.

पॅड न सोडताच ती स्टँडवर गेली.
काळीपिवळीवाला म्हणाला,
एवढा पसारा म्हणजे दोन सीटचे पैसे.
ती भांडत होती त्याच्याशी,
त्याच आवाजात.