चार नंबर

पहाटे साडेचारला काटोल रोडवर
काच आतून पांढरी होत जाते.
एक हात स्टिअरिंगवर, एका हातात कालचा पेपर,
पुसते तेवढाच रस्ता मला दिसतो.
मागे बाराशे पाव आणि टोस्टचे ट्रे
एकमेकांना चिकटून गरम.

ब्लोअरचं बटण एकवर : काही नाही.
दोनवर : काही नाही.
तीनवर कुठेतरी आत टक्‌ होतं, बस.
चारवर केबिनमध्ये वादळ,
बिलबुकाची पानं फडफडतात,
आणि या आठवड्यापासून गोरेवाडा येईतो
तेही दमून बंद.

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे,
मेट्रोच्या खांबाच्या सावलीत, परातेकाकांनी
गाडीला हात लावण्याआधी मलाच तपासलं.
"कधीपासून?"
"चार सोडून बाकीचे? मी सातवीत असल्यापासून."
"अन् तुझ्या बापानं दाखवलं नाई?"
"ते म्हणायचे, चार आहे ना."

मग ते डॅशबोर्डखाली उताणे झोपले,
नुसते पाय बाहेर, एका मोज्याला भोक.
फ्यूज उजेडात धरला : तार शाबूत.
टेस्ट लॅम्प टोचला : दिवा लागला.
"इथवरी करंट येते."
पान्याच्या दांड्यानं मोटरला दोन टिचक्या,
तशी ती कण्हली आणि फिरली.
"जित्ती हाये. पण ब्रश झिजले."

मग एक पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली.
पोस्टाच्या तिकिटाएवढी, तीन बारीक वेटोळी तारा,
तिन्ही काळ्या, मधोमध तुटलेल्या.
"एक, दोन, तीन ह्यातून जाते.
तार अडवते, म्हणून हवा हळू येते.
चार सीधा जाते. त्याच्या मधात कोणीच नाई."

त्याच्या मधात कोणीच नाही.
म्हणजे वीस वर्षं बाबा या केबिनमध्ये
वादळाच्या वरून बोलत होते.
आणि घरी आले तरी आवाज खाली उतरत नव्हता.
"पाणी दे" म्हणाले की वाटायचं,
माझ्याकडून काहीतरी सांडलं आहे.
मेडिकलच्या वॉर्डात नर्सनं
दोनदा ओठांवर बोट ठेवलं.
बाबा तिच्याकडे बघत राहिले,
आपण काय केलं ते न कळून.

"नवी पट्टी टाका," मी म्हटलं.
"टाकतो. पण तेबी जळंन.
ही आपोआप मेली नाई, हिले कोणी मारलं ते पाय ना."
मीटर लावला. मोटर दुप्पट करंट ओढत होती.
तीन स्क्रू, एक चौथा गंजलेला, त्याला शिवी,
आणि पिंजऱ्यासारखा पंखा बाहेर आला.

आत कडुलिंबाची वाळलेली पानं, मूठ मूठ.
घरापुढचं ते झाड तर कधीच तोडलं.
खाली उंदराचं रिकामं घरटं,
टोस्टचा चुरा, गाडीच्या सीटचा कापूस,
आणि गुलाबी पावत्यांच्या चिंध्या.
एकीवर बाबांचा सहाचा आकडा,
पोट मोठं, शेपटी वर.
परातेकाका फुंकर मारायला वाकले.
"थांबा," मी म्हटलं, आणि मग
काय सांगावं ते सुचलं नाही.
"मारा."

ब्रश, बुशात तेलाचे दोन थेंब, पट्टी, मजुरी :
सहाशे चाळीस. चहा त्यांच्याकडून.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तेच धुकं.
बटण एकवर.
काचेच्या तळाशी नखाएवढा एक स्वच्छ तुकडा,
मग हाताएवढा,
मग रस्ता, सायकलवरचा दूधवाला, फेटरीची पाटी.
ट्रे खडखडतात हे पहिल्यांदा कळलं.
डाव्या दाराला कुरकुर आहे.
गिअर बदलताना मी जीभ चावते, तेही.

फेटरीच्या पुढे आईचा फोन आला.
पोचलीस का, म्हणाली. मी म्हटलं, पोचतेच आहे, रस्ता दिसतो आहे.

"अवं, मंग ओरडून काऊन राहिली?"

मी बटणाकडे पाहिलं.
एकवरच होतं.