एकतीस तासांचं पाणी

मे महिना, रात्रीचे दीड.
सोनेगावच्या कार्गोत सही करून
थर्माकोलचा डबा ताब्यात घेतला.
वर लिहिलेलं: जिवंत मासे, ही बाजू वर.
ती बाजू खाली होती.

सेल्वम चेन्नईहून बावीस तास म्हणाला होता.
वरचे नऊ कुठल्याशा गोदामात
कुणाच्या तरी जेवणाच्या सुट्टीत गेले.

धरमपेठेतलं दुकान. शटर अर्धं, दिवे बंद.
यादोरावांनी टॉर्चला पतंगाचा लाल कागद गुंडाळलाय.
"डबा उघड. पिशवीले हात नको लावू अजून."

पिशवीत ओंजळीदोन ओंजळी पाणी, वर ऑक्सिजनचा फुगा,
आणि खाली अंगठ्याएवढा पिवळा जीव,
निघण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवलेला,
वाटेत आपल्याच घाणीत बुडू नये म्हणून.
पण श्वास कुणाला चुकलाय?
कल्ल्यांतून अमोनिया झिरपत राहतो,
सोडलेला श्वास पाण्यात विरघळून
पाणी आंबटतं, पीएच उतरत जातो,
आठ पूर्णांक दोन, सात, साडेसहा.
आणि तो आंबटपणाच त्याला राखतो.
आंबट पाण्यात अमोनियाला दात नसतात.

हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट:
पिशव्या उघडून ओळीने मांडल्या,
सलाइनच्या नळीने थेंब थेंब नवं पाणी सोडत बसले,
दोन तास, आईच्या मायेने.
उघड्या तोंडातून कोंडलेला वायू उडाला,
पीएच चढला,
आणि सगळ्या दातांनी एकदम चावा घेतला.
चौदा मासे. एकही तडफडला नाही फारसा.
यादोराव रागावले नाहीत, बादली धूत म्हणाले,
"बंद होते तवा जगत होते, वं पोरी.
आपण उघडलं तवा मेले."

म्हणून आता पाणी आधी तयार असतं.
पेंचचं पाणी फिल्टरमधून गाळून, पाकिटातलं मीठ कालवून
समुद्र आम्ही निळ्या ड्रममध्ये ढवळतो,
मग एका पिशवीला सुईएवढं भोक,
दोन थेंब मीटरवर, दोन थेंब पट्टीवर.
आलेलं पाणी जेवढं आंबट तेवढं आपलं करायचं,
जेवढं खारट तेवढं खारट, जेवढं कोमट तेवढं कोमट.
मगच कात्री.
जाळीत ओतायचं, मासा आत, जुनं पाणी मोरीत,
सगळं एका दमात, न बोलता.
चढवायचा तो पीएच उद्या, परवा, हळूहळू.

मी समुद्र पाहिलेला नाही.
आजोबा गोरेवाड्याच्या तलावात जाळं टाकायचे,
गोड पाण्याची माणसं आम्ही.
यादोराव एकदा रत्नागिरीला जाऊन आले.
कसा होता? विचारलं.
"आपल्या ड्रमएवढाच खारा," म्हणाले. "वारा जास्त."

परवा कुंदा आली गोंदियाहून, न कळवता, एक बॅग घेऊन.
आई दारातच सुरू झाली, काहून आली, काय झालं,
जावई कुठं, चार वर्षं तोंडातून शब्द का नाही.
मी आईला आत नेलं.
ट्यूबलाइट बंद केली.
कुंदाने भात मागितला, तिखट नको म्हणाली.
आम्हीही त्या रात्री तिखट खाल्लं नाही.
बॅगची चेन अजून बंदच आहे.

साडेतीन. अकरा पिशव्या झाल्या.
बाराव्यातला आडवा पडून होता,
तरीही ओतला, यादोराव म्हणाले ओत.
कल्ला एकदा हलला. की पंपाची लाट होती?
टॉर्च विझवला. आता सकाळपर्यंत कुणी बघायचं नाही.

शटरखालून उकाडा येतोय.
मनगटावर मिठाची पांढरी रेघ वाळलीय,
जिभेने लावून पाहिली.
थोडी जास्तच खारट वाटली,
म्हणून पुन्हा मीटर घेतला.