पान एकतीस

त्रेचाळीस शोधनिबंध वाचून झाले.
बहुतेकांत ॲप यशस्वी: रुग्ण गोळी घेतो,
बटण दाबतो, पडद्यावर हिरवी खूण.

मग कुरियन सर म्हणाले, आता करडं साहित्य बघा.
जे कुठं छापलं नाही, ज्याला क्रमांक नाही.

शिवडीच्या एका कचेरीत, कपाटावर,
पंख्याच्या खोक्याखाली मिळाला स्पायरलचा अहवाल.
प्रकल्प कधीच गुंडाळलेला. संस्थेचा फोन लागत नाही.
पान एकतीस. सुगंधा लोखंडे, आरोग्यसेविका, गोवंडी:

"घर नं. ९. खूण रोज वेळेवर.
बटण मुलगा दाबतो, फोन त्याच्याकडं असतो.
आई गावी जाऊन सव्वा महिना झाला.
गोळ्या डब्यात. मोजल्या. ३८."

तिनाच्या आकड्यावर काट,
शेजारी पुन्हा तीनच.
म्हणजे बाईंनी डबा परत ओतला असणार
चटईवर, त्या पोरासमोर.
तो काय म्हणाला ते लिहिलेलं नाही.

माझ्या तक्त्यात रकाने ठरलेले:
नमुना किती, तुलनागट कोणता,
पक्षपाताचा धोका.
सुगंधाबाईंपुढे मी 'जास्त' लिहिलं.
नियमच आहे, करड्यावर करडी नजर.

आणि त्या त्रेचाळिसांत
डबा कुणी उघडला होता?

'वगळण्याचं कारण' या रकान्यात
कर्सर लुकलुकतोय.
खाली शिपाई किल्ल्या वाजवतो,
मॅडम, किती वेळ अजून?